कोणाकडे

नेरूळला, सेक्टर अठरामध्ये
गल्ल्यांना नावं नाहीत, नुसते आकडे.
पत्ता सांगताना मी म्हणते,
गिरणी सोडली की सोनमोहराचा सडा पडलेला असतो, तिथून उजवीकडे.
रिक्षावाला म्हणतो, सडा तर सगळीकडेच असतो, मॅडम.

दुसरा मजला, पिंगुळकरांची जागा.
पिंगुळकर असतात कणकवलीला,
आणि फोनवर.
"ताई, खिळा तेवढा ठोकू नका हं,
परवाच रंग काढलाय."
परवा म्हणजे चार वर्षांपूर्वी.
करारातही आहे ते, आठव्या कलमात,
पाळीव प्राणी आणि गॅसगळती यांच्या मधोमध.
मी अंगठा टेकवला, फोटोसाठी चष्मा काढला
आणि अकरा महिन्यांपुरती इथली झाले.

भिंतींत आधीचेच पाच खिळे होते.
हॉलमध्ये दोन, ओट्यावर एक, बेडरूमच्या दारामागे एक,
आणि एक संडासाच्या चौकटीवर,
कशासाठी ते देव जाणे.
सामान लावलं ते त्यांनाच विचारून.
बाबांचं घड्याळ गेलं जरा जास्तच वर,
सेल बदलायचा तर स्टूल लागतं.
कालनिर्णयाची बारीक अक्षरं दिसत नाहीत,
एकादशी कळते ती समोरून येणाऱ्या
साबुदाण्याच्या वासावरून.

म्हणजे आधीचा भाडेकरू चांगला सहा फुटी.
हळदणकर. पत्रं अजून येतात त्यांची,
पतपेढीची वार्षिक सभा, विम्याचा हप्ता,
चष्म्याच्या दुकानाकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा.
मी ती चपलांच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवते
आणि कधी कधी बघते त्यांना,
पंख्याखालून मान वाकवून जाताना.

शांत आहे म्हणतात हा भाग.
आहेच.
दुपारी दोनला वरचे कुट्टन नेब्युलायझर लावतात,
आठ मिनिटं घरघर येत राहते छतातून.
थांबली की मीही श्वास सोडते.
जिन्यात भेटलो तर ते भिंतीकडे सरकून वाट देतात,
मी रेलिंगकडे.
सोसायटीच्या ग्रुपवर फक्त मालक.
उद्या पाणी येणार नाही
हे मला कणकवलीहून कळतं.

पौषातल्या एका रविवारी बेल वाजली.
दारात जेमतेम पाच फुटांचा माणूस,
हातात बोरांची पिशवी.
"मी हळदणकर. माझी काही पत्रं..."
मला हसू आवरेना. बसा म्हटलं, आणि सांगून टाकलं.
"छे हो! खिळे माझ्याही आधीचे.
आमची ही म्हणायची, कोण जिराफ राहून गेला इथे."
मग ते घड्याळाखाली उभे राहिले,
मान वर करून, वेळ बघायला लागते त्याहून बराच वेळ.
मी विचारलं नाही.
"आणि तो संडासावरचा? त्याला काय लावलंत?"
"काहीच नाही."
"आम्हीपण नाही."
चहा घेतला. साखर कुठे आहे ते त्यांना
मी सांगायच्या आधी माहीत होतं,
डबा मात्र माझा निघाला.

दूध आणायचंच होतं, म्हणून मीही उतरले खाली.
गेटवर भास्करने वही पुढे केली,
"काका, एक रकाना राहिला तुमचा."
नाव, कुठून, खोली, कोणाकडे.
कुठूनखाली त्यांनी आधी २०४ लिहिलेलं,
मग ते खोडून उलवे.
वर महिनाभराच्या ओळी,
कुरियर, गॅस, प्लंबर, माझी भाची मुग्धा,
सगळे माझ्याकडे आलेले
आणि सगळ्यांपुढे भास्करच्या अक्षरात पिंगुळकर,
पिंगुळकर, मग कंटाळून दोन टिंबं, दोन टिंबं.

"नाव काय म्हणालात तुमचं?"
म्हणाले नव्हतेच.
"शैला तोंडवळकर."
ते वाकून लिहायला लागले, सावकाश, शिरोरेघेसकट.
रकाना अरुंद.
कर मावेना,
तो खालच्या ओळीत गेला,
अजून कोणी आलेलं नव्हतं तिथे.